जित्याचा घास

माझं तोंड मोठं. कोल्हापुरात ते खपतं, कारण तिथं सगळ्यांचंच मोठं असतं. आमच्या गल्लीत मी दारातून हाक मारली की कोपऱ्यावरचा भाजीवाला टोपली घेऊन वळतो. पण याच तोंडापायी मी एकदा घेतलेली शपथ मोडली. ती कशी मोडली ते सांगायचं तर आधी देवमाशाचं सांगायला पाहिजे.

चौऱ्याऐंशी साली कुमुदनं, म्हणजे माझ्या लेकीनं, मला कॅनडात बोलावून घेतलं. न्यूफाउंडलंड नावाचं थंडगार बेट आहे, तिथं सेंट जॉन्स गावात ती दवाखान्यात डॉक्टर, आणि जावई माधवराव कॉलेजात शिकवायचे. आमचे हे विमानात बसायला भ्यायचे, म्हणून मी एकटीच गेले. गेले आणि फसले. सकाळी दोघं गाडीत बसून जायची ती दिवेलागणीला परत. मधल्या वेळात मी, खिडकी आणि धुकं. शेजारीण होती, गोरी, स्वभावानं चांगली. ती मला बघून हसायची, मी तिला बघून हसायची, पुढं काय डोंबल बोलणार? शेवटी मी चहाच्या किटलीशी बोलायला लागले. एकदा कुमुदनं ऐकलं आणि म्हणाली, "आई, हळू बोल ना गं, इथं भिंती पातळ असतात." मला असं रडू आलं म्हणून सांगू! स्वतःच्या लेकीच्या स्वयंपाकघरात बोलायची चोरी. त्या दिवसापासून मी गप्पच बसायला लागले. आणि मी गप्प बसले की समजावं, काहीतरी बिनसलंय.

कुमुदला ते समजलं असणार. एका रविवारी म्हणाली, "चल, तुला देवमासे दाखवून आणते." त्या दिवसांत तिथं बारक्या माशांचे थवेच्या थवे किनाऱ्याशी येतात आणि त्यांच्या मागं देवमासे. लोक तिकीट काढून बोटीतनं बघायला जातात. मी म्हटलं, मासा तो मासा, त्यात काय बघायचं? पण घरात बसून किटलीचं तोंड बघण्यापेक्षा बरं.

बोट म्हणजे एक जुनी मच्छीमार बोट, तिच्यावर बाकडी ठोकलेली. मी साडीवर दोन स्वेटर, त्यावर माधवरावांचा कोट, आणि त्याच्यावर ते तरंगायचं केशरी जाकीट. पोत्यात भरलेल्या बटाट्यासारखी मला एका बाकड्यावर ठेवली. बोट धक्क्यावरून हलली, बाहेर धुकं आणि वारा. त्या वाऱ्याचं नाव काढू नका. लांब एक बर्फाचा डोंगर पाण्यात उभा होता, निळसर पांढरा. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. माझे दात वाजत होते. मी मनातल्या मनात जावयाला चार शब्द ऐकवले.

एक सावळासा माणूस कागदी पेल्यांतून कॉफी वाटत हिंडत होता. चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली, लोकरीची टोपी कानावर ओढलेली. बोटीचा तांबड्या दाढीचा कप्तान त्याला "डॅनी, डॅनी" म्हणून हाका मारायचा. मला वाटलं असेल तिथलाच कुणी, किंवा पोर्तुगीजबिर्तुगीज. मी पेला घेतला, तो पुढं गेला. तेवढ्यात पावसाची झिमझिम सुरू झाली. त्यानं पेटीतलं एक करडं ब्लँकेट काढलं, झटकलं, एक कोपरा आत दुमडला, डोक्यावर टाकला आणि हनुवटीखाली चिमटीत धरला. माझा पेला तोंडाशीच राहिला. अहो, खोळ! घोंगडीची खोळ! आमच्या ह्यांची मागं दोन वर्षं गगनबावड्याला कचेरीत बदली होती. तिथल्या पावसात बाप्या माणसं घोंगडीची अशीच खोळ करून भाताच्या खाचरात उभी असायची. तीच दुमड, तोच झटका. जगात दुसरं कुणी ब्लँकेट असं घेत असेल तर मला दाखवा.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "अहो खोळवाले! गाव कुठलं तुमचं?"

सगळी बोट माझ्याकडं बघायला लागली. कुमुद म्हणाली, "आई!" तिचे कान लाल झाले होते. त्या माणसाच्या हातातली किटली कलंडली आणि फळीवर कॉफी सांडली. त्यानं वळून बघितलं नाही. तसाच पाठमोरा उभा राहिला, आणि मग कप्तानाच्या खोलीत निघून गेला.

मी खजील झाले. म्हटलं, म्हातारपणी डोळे फसवायला लागले. पण मन मानेना. ज्याला भाषाच कळत नाही तो माणूस आधी वळून बघतो, कोण ओरडलं म्हणून. हा वळला नाही.

मग देवमासा आला. आधी आवाज आला, बोगद्यात गाडीनं वाफ सोडावी तसा, फुस्स करून. डाव्या बाजूला पाण्याचा फवारा उडाला आणि सगळी माणसं तिकडच्या कठड्याला धावली. कुमुद आणि माधवरावही कॅमेरा घेऊन गेले. मला त्या हलत्या बोटीत उठता येईना. लांबून दिसली ती नुसती काळी पाठ, रंकाळ्यात म्हैस बसावी तशी. पाठ गेली, मागून शेपूट वर आलं, केवढं थोरलं, आणि पाण्यात सरळ खाली उतरलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी एकटी बाकड्यावर, ओल्या साडीचा घोळ मुठीत धरून. इतकी माणसं आणि एकालाही सांगता येईना, की अहो, मला पण बघायचाय.

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अक्का, ह्या अंगाला सरका. आता हितनं वर यील."

मी वळले. तोच. खोळ तशीच डोक्यावर, डोळे लालभडक.

"मघाशी काय मूग गिळून बसला होतास रे?" मी कडाडले. खरं तर मला त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं. पण माझं हे असंच.

"भ्यालो अक्का," तो म्हणाला. "किती वर्सं झाली, आपलं बोलनं कानावर न्हाय. म्हटलं भास झाला. मला हुतो तसा मधनंमधनं. कायतरी बोला की. कायबी बोला."

आता मला बोल म्हणून सांगायची गरज असते का? मी सुटलेच. मिसळ किती महागली, महाद्वारात किती गर्दी असते, गगनबावड्याची एस्टी अजून घाटात कशी बंद पडते, सगळं सांगितलं. तो माझ्या पायाशी फळीवर उकिडवा बसला होता. मध्येच हसायचा. हसता हसता बाहीनं डोळे पुसायचा. बोलताना अडखळत होता, शब्द आठवून आठवून काढत होता. मी नाव विचारलं. ज्ञानू. गाव गगनबावड्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. घरी आई तानाबाई आणि धाकटा भाऊ गुंडू.

"आणि बायको?"

त्यानं तोंड फिरवलं. मग पाण्याकडं बघत म्हणाला, "मी मेलोय, अक्का."

मी म्हटलं, "काहीतरी अभद्र बोलू नको." पण त्यानं सांगितलं ते असं. कोकणात उतरून, तिथल्या पोरांच्या नादानं मुंबई गाठून तो मालवाहू जहाजावर खलाशी झाला. लग्न करून सहा महिने घरी राहिला आणि परत जहाजावर चढला. ते जहाज ह्याच समुद्रात वादळात बुडालं. एका मच्छीमार बोटीला हा एकटा पाण्यात सापडला. कागदपत्रं गेली, छातीत न्यूमोनिया. कित्येक महिने दवाखान्यात, अर्धा वेळ शुद्धीतच नाही. तिकडं जहाजाच्या मालकांनी घरी तार केली, की सगळे गेले. हा हिंडायफिरायला लागला तेव्हा बंदरात रत्नागिरीकडचा एक खलाशी भेटला. तो ह्याच्याकडं भूत बघावं तसा बघायला लागला. त्यानं सांगितलं, "तुझं दिवसकार्य झालं रे. तुझी बायको गुंडूच्या घरात पाटाची म्हणून बसली. तिला दिवस गेल्यात."

"आमच्यात धाकल्या दिरासंगं पाट लागतो, अक्का," ज्ञानू म्हणाला. "वंगाळ कायबी न्हाय केलं त्येनी. उलट घरातल्या घरात पोरीला सांभाळलं. आता मी जाऊन दारात हुबा ऱ्हायलो तर? तिनं कुनाकडं बघायचं? गुंड्यानं तोंड कुठं लपवायचं? म्हटलं, मेलोय ते बरं हाय."

"अरे पण आई?"

तिथं मात्र त्याचा चेहरा उतरला. "आईचंच काय कळंना," तो म्हणाला. "हाय का न्हाय, तेबी ठावं न्हाय. कुनाला इचारू?"

आणि नेमका त्याच वेळी तो देवमासा आमच्या बाजूला वर आला. इतका जवळ, की हात लांब केला असता तर लागला असता. पाठीवर पांढरे चट्टे, शिंपल्यांचे खवले. फुस्स करून श्वास सोडला आणि कुजक्या मासळीचा भपकारा सगळा आमच्या तोंडावर. मी नाकाला पदर लावला. ज्ञानू हसला.

"खाली किती का ऱ्हाईना, अक्का, दमासाठी वर यावंच लागतंय त्येला," तो म्हणाला. "मीबी रातच्याला खोलीत एकटाच मोठ्यांदा बोलतो. आईसंगं. न्हाईतर इसरून जाईन म्हनून भ्या वाटतं."

मला माझी किटली आठवली. मी त्याचा हात धरला. खडबडीत आणि गार होता.

लोक आता ह्या कठड्याकडं यायला लागले होते. तो घाईघाईनं म्हणाला, "एक काम करशीला? येकडाव जाऊन नुसतं बगून या. आई हाय का. परड्यात मी फणस लावलेला, बरका. निघालो तवा गुडघ्याएवढा हुता, जगला का बगा. लेकीला कळवा, ती मला सांगंल. पर माझं नाव काढू नगा. आईम्होरं तर न्हाईच न्हाई. तिला कळलं तर ती गप ऱ्हायाची न्हाई, घर मोडंल. अंबाबाईची आण घ्या."

मी घेतली. कुमुदच्या पायाखालची फळी वाजली, तसा तो उठला, किटली उचलली आणि "कॉफी, कॉफी" म्हणत पुढं गेला. बघता बघता परत डॅनी झाला. धक्क्यावर उतरताना त्यानं सगळ्यांना हात दिला तसा मलाही दिला, आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. गाडीत बसून मी मागं बघितलं. सगळे गेले होते. तो एकटाच धक्क्यावर उभा राहून ब्लँकेटची घडी घालत होता.

कुमुदला मी त्याच रात्री सगळं सांगितलं. ती रडली. मला जवळ घेऊन म्हणाली, "आई, तू मोठ्यानं बोल गं, काय बोलायचं ते." पण आता मलाच बोलवेना.

परत आले ती भाद्रपदात. मधाचं निमित्त काढलं, ह्यांना म्हटलं, गगनबावड्याचा मध आणते, आणि एस्टीत बसले. पितृपंधरवडा चालू होता. घाटात पाऊस, धुकं, सगळं तिकडच्यासारखंच. ज्ञानूनं सांगितलेल्या वळणावर उतरले, विचारत विचारत घर गाठलं. मनात एकच धाकधूक. म्हातारी असू दे रे देवा, नाहीतर त्या पोराला काय कळवू?

म्हातारी होती. अंगणाच्या कडेला दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी काठी घेऊन उभी होती, वाळकी, ताठ. गडग्यावर पानात घास ठेवलेला, भात, वडे, खीर. वर आंब्यावर कावळे जमलेले. आता पितृपंधरवड्यात माणसं काय करतात? कावळ्याला हाका मारतात, हात जोडतात, ये बाबा, शिव बाबा. ही म्हातारी काठी आपटत होती. "हुर्र! हट मेल्या! शिवशील तर बग!" मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं वाटतं. पुत्रशोकानं फिरतं माणसाचं.

मी मधाचं विचारलं. सून बाहेर आली, गोलसर, हसऱ्या तोंडाची. "बसा की, पावणं आलासा लांबनं," म्हणून तिनं घोंगडं अंथरलं. गुंडू रानात गेला होता, पोरं शाळेत होती. तिनं गुळाचा चहा आणला. कुंकू ठसठशीत, हातभर चुडा. घर शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात पोरांची पाटी-दप्तरं. नांदतं घर हो. ज्ञानू कशासाठी मेला ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. तानाबाई काठी घेऊन उंबऱ्यात बसली, एक डोळा गडग्याकडं.

सगळं पाहून झालं होतं. चहा पिऊन गपचूप उठायचं, एवढंच काम उरलं होतं. पण हे तोंड! मी सुनेला म्हटलं, "परड्यातला बरका फणस कुठं दिसला नाही तो?"

"मागल्या अंगाला हाय की," ती म्हणाली. "लई धरतो. पर तुमास्नी कसा ठावं आमचा फणस?"

माझी बोबडी वळली. कसंबसं म्हटलं, "आमच्या ह्यांची इथं बदली होती ना मागं, बासष्ट-त्रेसष्ट सालात. तेव्हा बघितला असेल."

सुनेला पटलं. तानाबाईच्या हातातली काठी मात्र थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग सुनेला म्हणाली, "जा गं, म्हशीला वैरण टाकून ये. आन दोन फणसपोळ्या बांध पावण्यास्नी." सून गेली. म्हातारी तिचा पायरव लांब जाईपर्यंत कान देऊन बसली.

"तवा त्यो फणस लावलाबी नव्हता," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. आण घेतली होती. तोंडातून एक शब्द काढला नाही, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते काही मला थांबवता आलं नाही. तानाबाई रडली नाही. गडग्याकडं बघत सांगायला लागली.

"दहाव्याला नदीवर समदा गाव जमलेला. मढं न्हवतंच, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. पिंड ठेवला. कावळं ही गर्दी, पर एक शिवंना. गुंड्यानं हात जोडलं, दादा, वैनीला अंतर देत न्हाय म्हनला. तरी शिवंना. उन्हं कलली. मग भटजीनं दर्भाचा कावळा केला, शिवला म्हनायचं आन मोकळं. लोक म्हनलं, लेकराची वासना ऱ्हायली. मी गपच. जित्या मानसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल? पर कुनाला बोलू? घरात तरनी पोर, तिचं पुढं हुभं आयुष्य. आन मी काय सांगू, की कावळ्यानं मला सांगितलं म्हनून?"

"आणि हा घास?" मी विचारलं.

"दर साली ठेवतोय त्येच्या नावाचा. न्हाई ठेवला तर गुंड्या इचारंल, का म्हनून. ठेवतो, आन कावळ्याला शिवू देत न्हाय. ह्यी सगळी आत गेली की म्हशीला घालतो." तिनं काठी परत उचलली. "जित्याचा घास कावळ्यानं खाल्ला तर वंगाळ."

मला राहवेना. म्हटलं, "अहो, मग त्याला बोलवा की! तुमचा पोरगा तिकडं बर्फाच्या मुलखात एकटा सडतोय, भिंतींशी बोलतोय. एकदा तरी…"

"नगं," ती म्हणाली. असं म्हणाली, की माझं मोठं तोंड बंद झालं. "त्यो येऊन काय करील? घरात गुंड्याची तीन पोरं हायती. ह्या पोरीनं कुनाच्या नावाचं कुक्कू लावायचं? त्येला कळलंय ते, म्हनून तर आला न्हाय. शाना हाय माझा ज्ञानू. तुमी एवढंच करा. मला कळलंय हे त्येला सांगू नगा. सांगितलंसा तर पळत यील."

"मग काय सांगू?"

"म्हातारी हाय म्हनावं. फणस लई धरतो म्हनावं."

मागल्या अंगाला सुनेचा आवाज आला, म्हशीला काहीतरी बोलत होती. तानाबाई माझ्याजवळ सरकली. इतका वेळ ताठ असलेला तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तितं," ती म्हणाली, "थंडी लई असती व्हय?"

"असते," मी म्हटलं. "पण तो खोळ करून घेतो."

तिनं मान हलवली. आंब्यावरून एक कावळा उतरून गडग्यावर बसला होता. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि काठी घेऊन त्याच्यावर धावून गेली.